दुसरी प्रत

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार तालुक्यात तुकईथड हे गाव आहे. अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज मार्गावरचं हे स्टेशन. एका अंगाला मेळघाटच्या रांगा, दुसऱ्या अंगाला निमाड, आणि तापीच्या वाटेनं खाली उतरलं की खानदेश. सोयरिकी धारणी, अकोट, अकोल्याकडच्या. तहसील आणि कलेक्टर कचेरी मात्र खकनार आणि बुऱ्हाणपूरला. सीमेवरच्या अशा गावात पूर्वजांचा शोध ही हौसेची गोष्ट नसते. मुलाचा जातीचा दाखला, मुलीचा कॉलेजप्रवेश, जंगलातल्या जमिनीचा दावा, वारसाची नोंद, यांपैकी काहीही निघालं की आजोबा-पणजोबांच्या नावाचा कागद मागितला जातो. मग शाळेचं रजिस्टर, तलाठ्याचं किंवा पटवाऱ्याचं दप्तर, रेकॉर्ड रूम अशी फिरती सुरू होते.

याच जिल्ह्यात सातपुड्याच्या डोक्यावर असीरगड आहे आणि त्याच्या परिसरात इंग्रजी अमदानीतल्या गोऱ्या शिपायांची, अधिकाऱ्यांची थडगी आहेत. हिंदुस्थानातल्या अशा छावण्यांत मेलेल्या शिपायांपैकी कितीतरी जण आयर्लंडचे होते. त्यांच्या भावंडांची, पुतण्यांची वंशवेल आज आयर्लंडपासून ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेपर्यंत पसरली आहे आणि ती माणसं संगणकासमोर बसून आपलं घराणं शोधत आहेत. त्यांच्या हाती लागलेल्या यशाची कहाणी आपण नीट ऐकावी, असं मला मनापासून वाटतं. ज्या देशाचं दप्तर एका दिवसात जळून गेलं, त्या देशातली माणसं आज घरबसल्या पणजोबांच्या पणजोबांपर्यंत पोचतात. आपल्याकडे एवढी मोठी आग कधी लागली नाही, तरी आपण दोन पिढ्यांपलीकडे अडखळतो. असं का होतं, याचं उत्तर त्यांच्या आणि आपल्या कागदांच्या इतिहासात आहे.

३० जून १९२२

डब्लिन शहरात लिफी नदीच्या काठावर ‘फोर कोर्ट्स’ ही न्यायालयांची भव्य इमारत आहे. तिच्या आवारात आयर्लंडचं सरकारी अभिलेखागार होतं. स्वातंत्र्याच्या करारावरून आयरिश लोकांतच फूट पडली, यादवी सुरू झाली आणि कराराविरुद्धच्या गटानं ही इमारत ताब्यात घेतली. तिला पडलेल्या वेढ्याच्या अखेरीस, ३० जून १९२२ रोजी, प्रचंड स्फोट झाला आणि दप्तरखान्याला आग लागली. सात शतकांचे कागद जळाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचे घरटी तक्ते जवळजवळ सगळे गेले. चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या ज्या जुन्या नोंदवह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून तिथे आणून ठेवल्या होत्या, त्याही गेल्या. मृत्युपत्रांचे गठ्ठे गेले.

सगळा दोष आगीचा नव्हता. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे मूळ तक्ते आकडेमोड झाल्यावर सरकारनंच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत काढून त्यांचा लगदा केला गेला. म्हणजे पूर्वज नाहीसे व्हायला बंदूक लागतेच असं नाही. जागा अडते, कागदाचं काम संपलं, असा एखाद्या कचेरीतला निर्णयही पुरतो. हे वाक्य लिहिताना आपल्याकडच्या तालुक्यातालुक्यातल्या रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर येतात.

राखेनंतरचा शोध

मग आज आयरिश माणूस पूर्वज कसा शोधतो? त्याला सर्वांत आधी गावाचं नाव लागतं. तिथलं सर्वांत लहान एकक म्हणजे ‘टाउनलँड’. आपल्या मौजासारखं, पण बरेचदा त्याहून लहान. देशात अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. नाव ठाऊक झालं की १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांकडे जायचं. त्यांचे तक्ते दुसऱ्या जागी होते म्हणून वाचले. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं ते विनामूल्य खुले केले आहेत. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव, वय, धर्म, धंदा, लिहितावाचता येतं की नाही, आयरिश भाषा येते की नाही, हे सारं कुटुंबप्रमुखाच्या सहीनिशी दिसतं.

त्याआधीच्या काळासाठी रिचर्ड ग्रिफिथ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेलं जमीन-घरांचं मूल्यांकन आहे. ते कर बसवण्यासाठी केलं होतं. जमीन कुणाच्या ताब्यात, मालक कोण, घर किती मोलाचं, एवढंच त्यात आहे. पण ते छापलं गेलं होतं, म्हणून वाचलं. जनगणना जळाल्यामुळे हाच करवसुलीचा तक्ता आज लाखो घराण्यांचा आधार झाला आहे. त्याच्याही मागे जायचं तर १८२३ ते १८३७ या काळात चर्चच्या दशमांश करासाठी केलेल्या वह्या आहेत.

कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या त्या-त्या गावच्या चर्चमध्येच राहिल्या होत्या, म्हणून आगीतून सुटल्या. पुढे त्यांच्या मायक्रोफिल्म झाल्या आणि जुलै २०१५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं त्यांची छायाचित्रं सर्वांसाठी मोकळी केली. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदींनाही एक सुटसुटीत नियम लावला आहे: जन्माला शंभर वर्षं झाली, लग्नाला पंचाहत्तर आणि मृत्यूला पन्नास, की नोंद कुणीही पाहावी.

या सगळ्यात मला सर्वांत भिडलेली गोष्ट पेन्शनच्या अर्जांची आहे. १९०८ च्या कायद्यानं सत्तर वर्षांवरच्या गरीब म्हाताऱ्यांना जानेवारी १९०९ पासून पेन्शन मिळू लागली. पण आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ साली सुरू झाली होती. सत्तरीच्या माणसानं वय सिद्ध करायचं कसं? मग अर्ज येई की अमुक गावात, अमुक आईबापांच्या घरी मी १८४१ च्या किंवा १८५१ च्या जनगणनेत सापडेन. कारकून मूळ तक्ता काढून बघे आणि सापडलेली माणसं अर्जाच्या फॉर्मवर उतरवून घेई. १९२२ मध्ये मूळ तक्ते जळाले. हे फॉर्म उरले. भुकेल्या म्हातारपणी चार शिलिंगांसाठी, पाच शिलिंगांसाठी केलेल्या अर्जांनी या दोन जनगणनांच्या मधे पडलेल्या महादुष्काळाच्या आधीची आणि नंतरची कुटुंबं जगाला परत दिली. त्या म्हाताऱ्यांना इतिहास घडवायचा नव्हता. त्यांना हक्क हवा होता, आणि हक्क मागताना कुणीतरी एक नक्कल करून ठेवली.

आगीच्या शताब्दीला, जून २०२२ मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकारानं जळालेल्या दप्तरखान्याचं संगणकीय रूप सुरू झालं. जे कागद जळाले, त्यांच्या नकला जगभरातल्या अभिलेखागारांत, ग्रंथालयांत, खासगी संग्रहांत कुठे-कुठे आहेत, ते शोधून एकत्र आणण्याचं हे काम आहे. त्यामागचा विचार साधा आहे. राज्यकारभार नकलांवर चालतो. एक कागद इथे, एक वरच्या कचेरीत, एक पक्षकाराच्या घरी. मूळ गेलं तरी नक्कल कुठेतरी असते. ती शोधणारा माणूस मात्र लागतो.

असीरगडाकडे येणारी वाट

आयर्लंडच्या हरवलेल्या माणसांच्या अशाच काही नकला हिंदुस्थानच्या दप्तरात आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीला गोरे शिपाई हवे असत आणि आयर्लंडमध्ये गरिबी मुबलक होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीच्या बंगाल सैन्यातल्या युरोपीय शिपायांपैकी जवळपास निम्मे आयरिश होते, असं इतिहासकार सांगतात. मुंबई आणि मद्रासच्या पलटणींतही ते मोठ्या संख्येनं होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांच्या फौजेसमोर उभी राहिलेली कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट पुढे १८८१ मध्ये मद्रासच्या पलटणीशी जोडली गेली आणि ‘रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स’ झाली. १९२२ मध्ये, दप्तरखाना जळाला त्याच वर्षी, ती पलटण मोडली.

आपल्या या भागाशी तर आयर्लंडचा संबंध सुरुवातीपासूनचा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मला होता. पुढच्याच महिन्यात कर्नल स्टीव्हन्सननं बुऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहानं तो मुलूख शिंद्यांना परत गेला. हे अंजनगाव आजच्या अमरावती जिल्ह्यातलं. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव असीरगडाच्याच परिसरात जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. किल्लेदार जसवंतराव लाड यांनी गड पुढेही लढवला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी तो पडला. त्यानंतर गडावर इंग्रजांची शिबंदी राहू लागली.

अशा ठाण्यांवर जो जन्मला, ज्याचं लग्न झालं, जो पुरला गेला, त्याची नोंद पाद्री करी. वर्षाअखेरीस त्या नोंदींची नक्कल इलाख्याच्या मुख्य ठिकाणी जाई आणि तिथून लंडनला. मद्रासकडच्या नकला १६९८ पासूनच्या आहेत, मुंबईकडच्या १७०९ पासूनच्या, बंगालकडच्या १७१३ पासूनच्या. तिन्ही १९४८ पर्यंत चालतात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत ‘इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स’ या संग्रहात आहेत. २०१४ मध्ये त्यातला मोठा भाग ‘फाइंडमायपास्ट’ या व्यापारी संकेतस्थळावर आला. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ ही १९९८ साली स्थापन झालेली स्वयंसेवकांची संस्था अशाच नोंदींच्या सूच्या विनामूल्य ठेवते, आणि १९७६ मध्ये थिऑन विल्किन्सन यांनी उभी केलेली दुसरी संस्था दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींची दखल घेते.

आयरिश वंशजाला या कागदांत एक अनमोल गोष्ट मिळते. कंपनीच्या भरतीच्या रजिस्टरांत शिपायाचं वय, पूर्वीचा धंदा आणि जन्मगाव लिहिलेलं असतं. ज्याच्या गावची चर्चची वही डब्लिनला जळाली, त्याला आपलं मूळ गाव लंडनमध्ये जपलेल्या हिंदुस्थानच्या दप्तरात सापडू शकतं. तिथला विणकर, शेतमजूर, चांभार कॉर्क किंवा लिमरिकमध्ये नाव नोंदवून कामठीच्या, महूच्या, पुण्याच्या छावणीत आला; त्याच्या बाळपणाचा पुरावा त्याच्या मरणाच्या मुलखातून उलटा चालत घरी जातो.

शोधणाऱ्याची अडचण नावाच्या हिज्ज्यांची. असीरगड आणि बुऱ्हाणपूर ही नावं इंग्रज कारकुनांनी कानाला येतील तशी लिहिली आहेत. आयरिश आडनावांचंही तेच. कधी ‘ओ’ लागतो, कधी गळतो. शिवाय थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची तिथली रीत आपल्यासारखीच, त्यामुळे एकाच गावात एकाच नावाचे तीन चुलतभाऊ निघतात. अशा वेळी मुरलेला संशोधक एकट्या नावावर कधीच विसंबत नाही. बायकोचं नाव, साक्षीदार, शेजारी, जमिनीचा तुकडा असे सगळे दुवे जुळले की मगच तो पुढची पायरी चढतो. ही शिस्त आपल्यालाही हवी.

आपल्या वह्या

आपल्याकडे नोंदी नव्हत्या असं नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या म्हणजे जगातल्या मोठ्या वंशसंग्रहांपैकी एक. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये आपली वही काढतात. कोण, कधी, कुणाच्या अस्थी किंवा कुणाचं श्राद्ध घेऊन आला होता आणि बरोबर कोण होतं, ते वाचून दाखवतात. नंतर नव्या माणसाची नोंद आणि सही घेतात. अनेक समाजांचे भाट पोथ्या घेऊन गावोगाव फिरत आले. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी घराण्यांच्या वंशावळी सांभाळल्या आणि धान्याच्या मोबदल्यात दारोदार वाचून दाखवल्या. अमेरिकेतल्या युटाच्या वंशशोध संस्थेला या वह्यांचं मोल लवकर कळलं. हरिद्वार आणि इतर तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांच्या मायक्रोफिल्म तिनं १९७७ पासून केल्या.

सरकारी कागद वेगळे. विदर्भात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवी. ते ‘कोतवाल बुक’ आजही दाखल्यांसाठी नक्कल काढून वापरलं जातं. नर्मदेकडच्या मुलखात तेच काम कोटवारानं केलं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जन्म-मृत्यूचा गाव नमुना नंबर १४, खासरा, अधिकार अभिलेख, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर अशी ही यादी लांबते. या कागदांत आडनाव बरेचदा नसतंच. ‘अमुक वल्द तमुक’ आणि पुढे जात, एवढ्यावर माणूस संपतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे कुणबी नोंदी शोधण्याचं काम सोपवलं. त्यानंतर राज्यभर जुनी रजिस्टरं बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, नोंदींचे फोटो जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. पूर्वजांचा ऑनलाइन शोध ही गोष्ट मराठी घराघरांत शिरली ती तेव्हा. मराठा आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू काहीही असो, एका गोष्टीवर सर्वांचं एकमत व्हायला हरकत नाही. जे पान एका जातीच्या शब्दासाठी उघडलं, त्याच पानावर माळी, कोळी, महार, मुसलमान, कोष्टी यांची घरंही आहेत. पान एकदा उघडलंच आहे तर त्यावरच्या प्रत्येक नावाची सूची व्हायला हवी. आयर्लंडनं नेमकं हेच केलं. जनगणनेतला जमीनदार आणि त्याची मोलकरीण एकाच शोधखिडकीत सापडतात.

जनगणनेचाच विषय निघाला आहे तर १९०१ सालचा एक फरक नोंदवतो. त्या वर्षी १ मार्चला हिंदुस्थानची शिरगणती झाली आणि ३१ मार्चला आयर्लंडची. साम्राज्य एक, महिना एक. आयर्लंडच्या प्रत्येक घराचा तक्ता आज वाचता येतो. आपल्याकडे घरोघरच्या नोंदी बेरजा झाल्यावर ठेवल्याच गेल्या नाहीत. उरली ती जिल्हावार, जातवार कोष्टकं. विक्रम संवत छप्पनच्या दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या निमाड-वऱ्हाडातल्या माणसांची नावं त्या बेरजांमध्ये विरून गेली. त्यामुळे आपल्याला गावपातळीवरचे कागद आयरिश माणसापेक्षाही जास्त जपायला हवे होते.

रेषेच्या दोन्ही बाजू

आता तुकईथडच्या एखाद्या घराचा शोध कसा जाईल ते पाहू. समजा, आजोबा इथे वाढले, वडील अकोल्याला गिरणीत लागले, नातू महाराष्ट्रात दाखला मागतो आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा पाहिला जातो. आजोबांचा कागद निघतो तुकईथडचा, त्यावर ‘मध्य प्रदेश’ लिहिलेलं, आणि तिथेच गाडी अडते.

पण १९५० मध्ये ‘मध्य प्रदेश’ म्हणजे काय होतं? जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचंच ते नवं नाव. राजधानी नागपूर. अकोला त्यात, अमरावती त्यात आणि तुकईथडचा निमाड जिल्हाही त्यातच. आजोबा आणि त्यांचा अकोल्याचा मेहुणा एकाच राज्याचे रहिवासी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, निमाड भोपाळच्या मध्य प्रदेशात राहिला. पुढे निमाडचा ‘पूर्व निमाड’ झाला, त्यातून १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर जिल्हा वेगळा निघाला. गाव जागचं हललं नाही. त्याचा पत्ता मात्र बदलत गेला. पांढुर्ण्याहून चंद्रपूरकडे गेलेल्या एका नोकरदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये हाच मुद्दा विचारात घेण्याजोगा मानला होता: दोन्ही ठिकाणं फेररचनेआधी एकाच राज्यात होती.

पत्त्याबरोबर कागदही पांगले. प्रांताच्या सचिवालयाचं जुनं दप्तर नागपूरच्या अभिलेखागारात, जिल्ह्याचं खंडव्याला, चालू कागद बुऱ्हाणपूर-खकनारला, राज्याचं अभिलेखागार भोपाळला. महाराष्ट्रानं ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अकोला, अमरावतीसारख्या जिल्ह्यांचे जुने जमीन-कागद स्कॅन करून ठेवले आहेत. मध्य प्रदेशचं भूलेखाचं संकेतस्थळ वेगळं, भाषा वेगळी, रचना वेगळी. डब्लिनचं दप्तर आगीत गेलं. आपलं दप्तर शाबूत असून चार गावांत विखुरलं, आणि त्याला जोडणारी सूचीच नाही.

म्हणून इथल्या शोधाची वाट आयरिश वाटेसारखीच आखावी लागते. आधी गावाचं नाव पक्कं करायचं, त्या-त्या वर्षी ते कुठल्या जिल्ह्यात होतं ते पाहायचं. मग शाळेचं दाखल-खारीज. त्यातल्या पालकाच्या नावावरून कोटवाराच्या किंवा कोतवालाच्या बुकात जन्म-मृत्यू. मग १९५४-५५ चे अधिकार अभिलेख. हे दोन्ही बाजूंना एकाच कायद्याखाली तयार झालेले, त्यामुळे खकनारचा कागद वाचता आला तर अकोटचाही वाचता येतो. त्याच्या मागे जमीन-बंदोबस्ताच्या मिसली, म्हणजे फायली. दर पायरीवर नावाबरोबर दुसरा एक दुवा जुळायलाच हवा, मग तो शेजारचा खातेदार असेल, भाऊ असेल किंवा शेताची चतुःसीमा.

ज्यांची नावं लिहिलीच नाहीत

आयरिश कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्यांत आईचं माहेरचं आडनाव सहसा असतं. त्यामुळे तिथल्या वंशावळीत आईचं घराणंही उभं राहतं. त्याच आयरिश शिपायाला हिंदुस्थानी बाईपासून मूल झालं तर छावणीच्या वहीत तिचं नाव अर्धवट येतं किंवा येतच नाही. आणि तिच्या स्वतःच्या गावच्या वहीत? भाटाच्या पोथीत, कोतवालाच्या बुकात, सातबाऱ्यावर शतकभर पुरुषांची साखळी चालते. बाई माहेरच्या नावानं जन्मते, सासरच्या नावानं मरते, आणि मधला पूल कुठेच लिहिलेला नसतो. प्रत्येक मराठी घराण्याची निम्मी वंशावळ अशी कोरी आहे. हे नुकसान कुठल्याच आगीनं केलेलं नाही.

कोरकू आदिवासींचं त्याहून वेगळं. या पट्ट्यातला सर्वांत जुना रहिवासी कागदात सर्वांत उशिरा आला. कोरकूंनी आपले मेलेले कागदावर नव्हे, लाकडावर जपले. मृताच्या नावानं सिडोलीचा विधी होतो आणि कोरीव लाकडी मुंडा उभा राहतो. पूर्वजांची नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात.

कायद्यानं या स्मृतीला जागा दिली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या नियमांतला तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो. त्यात सरकारी कागद आहेतच, पण विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं आहेत. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब आहे. आणि जुन्या जमीनकागदांत नाव असलेल्या किंवा पूर्वीपासून गावचा रहिवासी मानलेल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळही आहे. म्हणजे वंशावळ हा कायदेशीर पुरावा आहे. इतर पारंपरिक वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, दाखवाव्या लागतात. आयरिश म्हाताऱ्यानं पेन्शनसाठी दिलेला अर्ज आणि मेळघाटच्या काठावरच्या शेतकऱ्यानं ग्रामसभेपुढे दिलेला जबाब ही एकाच जातीची कागदपत्रं आहेत. दोन्हींत गरीब माणूस हक्कासाठी आपली माणसं मोजून दाखवतो. आयर्लंडनं ते फॉर्म जपले. आपण हे जबाब जपतो का? दाव्याचा निकाल लागला की त्या फायलींचं काय होतं, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेनं विचारला पाहिजे. त्यांत एका अख्ख्या समाजाची पहिली लिखित वंशावळ आहे.

काय करता येईल

पहिलं काम घरातलं, आणि ते या दिवाळीत करता येण्यासारखं आहे. सगळे जमलेले असताना सर्वांत वडील माणसाजवळ बसावं आणि नावं लिहून घ्यावीत. आजीचं माहेर, तिच्या आईचं गाव, लहानपणी गेलेली मुलं, परगावी दिलेल्या आत्या, सगळं. आवाजही मोबाइलमध्ये राहू द्यावा. मग ट्रंकेतले कागद काढावेत: खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला, जुनी रेशनकार्डं, लग्नपत्रिका, तीर्थयात्रेच्या पावत्या. त्यांचे फोटो काढून त्यावर कुणाचं, कुठलं, कधीचं ते लिहावं आणि दोन वेगवेगळ्या गावांतल्या नातेवाइकांकडे एकेक संच ठेवावा.

दुसरं काम गावाचं. शाळेची शंभर वर्षांची रजिस्टरं एका खोलीत एकाच प्रतीत असणं धोक्याचं आहे. वाळवी, पाऊस, इमारतीची दुरुस्ती, यांतलं काहीही पुरेसं आहे. ग्रामसभेनं ठराव करून जुन्या रजिस्टरांचे फोटो काढले, एक प्रत पंचायतीत आणि एक जिल्ह्याला ठेवली, तर खर्च फार नाही. जिवंत माणसांची अब्रू आणि खासगीपण राखायला आयर्लंडचा शंभर-पंचाहत्तर-पन्नास वर्षांचा नियम आपल्याला जसाच्या तसा घेता येईल. आणि नोंदीत खाडाखोड करणाऱ्यांपासून बचावही यातच आहे: प्रत दुसरीकडे असली की बनावट ओळ लगेच उघडी पडते.

तिसरं काम दोन सरकारांचं. निमाड, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट इथल्या मराठी आणि आदिवासी घरांचे १९५६ पूर्वीचे काही कागद नागपुरात आहेत, आणि विदर्भातल्या कित्येकांच्या आजोळचे कागद सीमेपलीकडे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं जुन्या प्रांताच्या दप्तराची एक सामाईक सूची केली आणि ती मराठी-हिंदी दोन्हीत खुली ठेवली, तर हजारो कुटुंबांच्या चकरा वाचतील. डब्लिननं परदेशातल्या संस्थांकडून नकला मागवल्या. नागपूर आणि भोपाळ तर शेजारी आहेत.

आयरिश लोकांनी आगीची शंभर वर्षं भरताना आपलं दप्तर पुन्हा उभं करायला घेतलं. १९५६ च्या फेररचनेची शंभरी २०५६ मध्ये भरेल. पण आपण तोवर थांबू शकत नाही. कागद कदाचित थांबतील. १९५० चं तुकईथड ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि ज्यांना प्रत्येक घराची सोयरीक तोंडपाठ आहे, ती माणसं आज पंच्याऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्याजवळ जे आहे त्याची दुसरी प्रत कुठल्याही अभिलेखागारात नाही. ती आपणच करायची आहे, आणि तिला लागणारी वही कुठल्याही किराणा दुकानात मिळते.